भोंग्याचं भाषण

घाऊक भाजीबाजारात त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला ते नाव आवडायचं. सकाळी ट्रक रिकामे होऊन पोत्यांच्या थप्प्या लागल्या की तो एका पालथ्या क्रेटवर चढायचा आणि लिलाव पुकारायला लागायचा. हातात माइक कधी धरला नाही. कांद्याच्या शेडमधली बोली पार फाटकावरच्या रखवालदारापर्यंत जायची. भाव चढवताना तो आवाज असा काही वर न्यायचा, मध्येच एखाद्या व्यापाऱ्याच्या चिकटपणावर असा शेरा मारायचा, की जास्त भाव मोजूनही माणूस हसत परत जायचा. दोन लिलावांच्या मध्ये एक सिगारेट ठरलेली. घसा शेकायला, असं तो म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात घसा बसला, तो पुन्हा उठलाच नाही. गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या, तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला, आणि शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याच्या तळाशी, दोन हाडांच्या मधोमध, एक भोक राहिलं. श्वास तिथूनच घ्यायचा, खोकायचंही तिथूनच. नाक नुसतं चेहऱ्याची शोभा म्हणून उरलं. त्यातून वारा जात नाही म्हटल्यावर वासही गेला. दूध उतू जाऊन करपलं तरी त्याला पत्ता लागत नसे.

बोलण्यासाठी बॅटरीवर चालणारं एक यंत्र मिळालं, दाढीच्या मशीनएवढं. ते हनुवटीखाली दाबून ओठ हलवले की एक घरघरता, सपाट आवाज निघायचा. त्याला चढ नव्हता, उतार नव्हता. राग आला तरी तोच सूर, लाड केले तरी तोच. कुजबुजता येत नव्हतं आणि ओरडताही येत नव्हतं. बाजाराने त्याला काढलं नाही, फाटकावर पावत्या फाडायला बसवलं. येणारी-जाणारी माणसं ‘काय भोंगा, बरं आहे ना’ असं विचारत आणि तो यंत्र गळ्याला लावेपर्यंत पुढे गेलेली असत.

बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. ती मुळातच बोलकी, आता दोघांच्या वाट्याचं बोलायची. मुलगी एकच, नववीतली. तिला तो लहानपणापासून चिमणी म्हणायचा. आवाज मात्र तिने बापाचा घेतला होता. शाळेत काही कार्यक्रम असला की सूत्रसंचालन तिच्याकडे.

शाळांमध्ये सिगारेटविरुद्ध बोलायची कल्पना इस्पितळातल्या समुपदेशक बाईंची. सगळे त्यांना ताई म्हणत. तो तपासणीला आलेला असताना त्या त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

“दादा, आम्ही मुलांना तक्ते दाखवतो, फिल्म दाखवतो. मुलं जांभया देतात. तुम्ही नुसते समोर उभे राहिलात तरी पुरे.”

“मी काय बोलणार?” त्याने यंत्र लावून विचारलं. बाकावरचे दोघे-तिघे दचकून वळले.

“बघा,” ताई म्हणाल्या. “सगळ्यांनी ऐकलं.”

पहिली शाळा कालव्यापलीकडची होती. वरच्या मजल्यावरचं सभागृह, लोखंडी खुर्च्या, छताला किरकिरणारे पंखे. आठवी-नववीची मुलं कोपरखळ्या मारत आत आली. त्याने यंत्र लावलं आणि “मुलांनो” एवढाच शब्द उच्चारला, आणि सभागृह एकदम चिडीचूप झालं. मग तो बोलत राहिला. आवाज कसा होता ते सांगितलं, कसा गेला ते सांगितलं, रात्री झोपेत भोकावर पांघरूण आलं तर गुदमरायला होतं, पोहणं कायमचं बंद झालं, सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली. शेवटी मुख्याध्यापकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

त्या संध्याकाळी बॅटरी संपेपर्यंत तो बायकोला तेच तेच सांगत होता.

“घ्या,” ती म्हणाली. “आवाज होता तेव्हा कांदे विकलेत, आणि गेला तेव्हा वक्ते झालात.” पण पुढच्या भाषणासाठी तिने त्याच्या शर्टाची कॉलर उलटवून नव्याने शिवून दिली.

दर आठवड्याला एक शाळा ठरली. तो आदल्या दिवशी दाढी करायचा, गळ्यावरचा जाळीचा रुमाल धुऊन वाळत घालायचा. कितीतरी महिन्यांनी त्याला आपण कुठेतरी लागतो असं वाटत होतं. पण उभा जन्म गिऱ्हाइकाचे चेहरे वाचण्यात गेलेला. माल घेणारा कोण आणि नुसता चाचपून पुढे जाणारा कोण, हे त्याला क्रेटवरून कळायचं. तसं या खुर्च्यांमधलंही हळूहळू कळायला लागलं. ‘मुलांनो’ म्हटल्यावरची ती शांतता आता थोडाच वेळ टिकायची. मग मागच्या रांगेत कोणीतरी पेन गळ्याला लावायचं आणि आजूबाजूचे खांदे हलायला लागायचे.

एका शाळेत एका मुलाने उभं राहून अगदी आदबीने विचारलं, “काका, तुम्ही किती वर्षं ओढलीत?”

“तीस.”

मुलाने बोटांवर हिशेब केला. “म्हणजे आत्ता सुरू केली तर पंचेचाळिशीपर्यंत काळजी नाही.”

सगळे हसले. मुलगा वात्रटपणा करत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. पंचेचाळीस वर्षांचं माणूस त्याच्या लेखी म्हातारंच होतं. भोंग्याने यंत्र बंद करून खिशात ठेवलं.

परतीच्या बसमध्ये तो ताईंना म्हणाला, “मुलांवर परिणाम होत नाही.”

“होतो हो दादा. भाषणानंतर आम्ही विचारतो ना, ‘सिगारेट ओढाल का?’ सगळी ‘नाही’ म्हणतात.”

“बाईंनी विचारल्यावर नाहीच म्हणणार.”

“एक करता येईल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रुमाल काढून दाखवा. तुमचा संकोच समजतो मला. पण डोळ्यांनी बघितलेलं मुलं विसरत नाहीत.”

घरात बायकोशिवाय ते भोक कोणी नीट पाहिलं नव्हतं. चिमणीसमोर तो रुमाल बदलतसुद्धा नसे. तरी पुढच्या शाळेत त्याने गाठ सोडली. एक मुलगा चक्कर येऊन खुर्चीवरून घसरला, दोन मुली तोंड दाबून बाहेर पळाल्या. ताईंचा चेहरा उजळला. तो मात्र त्या दिवशी जेवला नाही.

आणि मग चिमणीच्या शाळेचं बोलावणं आलं.

चिमणी तेव्हा दहावीत गेली होती. तिला शाळेतच कळलं. घरी आल्या आल्या दप्तरही न ठेवता ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, आमच्या शाळेत नका येऊ.”

“का?”

“नका येऊ म्हणजे नका येऊ. दुसऱ्या कोणाला पाठवायला सांगा ताईंना.”

“लाज वाटते?” त्याने विचारलं. यंत्रातून ते ‘भूक लागली’ म्हटल्यासारखंच आलं.

“तुमची नाही वाटत.” ती चाचरली. “पण मला तिथे रोज बसायचंय, बाबा. तुम्ही तासभर बोलून जाल.”

बायकोही म्हणाली, “राहू द्या ना. शाळांना काय तोटा आहे? जगाला सांगून झालं की तिला घरी सांगा.”

पण त्याचं म्हणणं उलट होतं. शेकडो परक्या पोरांपुढे गळा उघडा करायचा आणि स्वतःच्या पोरीची शाळा तेवढी टाळायची, हे त्याला पटेना. शिवाय मनाच्या तळाशी एक हौस होती. बाप बाजारात कसा उभा राहायचा हे चिमणीने कधी पाहिलंच नव्हतं. तिने तो एकदा चारचौघांत उभा राहिलेला पाहावा, असं त्याला वाटत होतं.

त्या दिवसासाठी त्याने भाषण बदललं. नुसतं घाबरवायचं नाही, लिलाव करायचा. तो खुर्चीवर चढला, यंत्र लावलं आणि म्हणाला, “एक आवाज विकायला आहे. अस्सल माल. कांद्याच्या शेडपासून फाटकापर्यंत जाणारा. बोला, काय देता?”

मुलं चमकली. मग एकाने मागून ओरडून भाव सांगितला. दुसऱ्याने चढवला. बघता बघता सगळं सभागृह बोली लावत होतं, बाकं वाजत होती, शिक्षकही हसत होते. त्याच्या अंगात जुना भोंगा संचारला. हात वर गेला, बोटं नाचायला लागली.

“मी हा आवाज काय भावाने विकला ठाऊक आहे?” तो म्हणाला. “पाकिटामागे पाकीट मोजून विकला. एक वार. दोन वार. तीन वार.” आणि त्याने रुमाल काढला.

क्षणभर सगळं थिजलं. मग शेवटच्या रांगेतून कोणीतरी हुबेहूब त्याच्या घरघरत्या सुरात म्हणालं, “एक वार.” दुसऱ्या कोपऱ्यातून आलं, “दोन वार.” आणि सभागृह फुटलं. इतकी हसली मुलं की मुख्याध्यापिकांना टेबल आपटावं लागलं. कितीतरी हात मोबाइल धरून वर होते. खुर्चीवरून त्याला चिमणी दिसली. ती भिंतीकडच्या रांगेत होती. ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती. समोरच्या मुलीच्या वेणीकडे एकटक बघत होती.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत शाळाभर झाली. कोणीतरी तिला ठेका जोडला होता. दोन दिवसांत बाजारातल्या हमालाच्या पोरानेही ती भोंग्याला दाखवली, कौतुकाने. “काका, तुम्ही फेमस झालात.”

चिमणी घरात बोलेनाशी झाली. शाळेत तिला ‘तीन वार’ म्हणतात, हे बायकोला शेजारणीकडून कळलं. तो दुखणं काढल्यासारखा आठवडाभर घरात फिरला. मग एक दिवस चिमणीची कळी खुलली. नव्या मैत्रिणी आल्या, संध्याकाळी बाहेर जाणं सुरू झालं, फोनवर खिदळणं सुरू झालं. त्याला हायसं वाटलं. मुलं आहेत, विसरतात, असं तो म्हणाला. बायको कणीक मळत होती. तिने वर पाहिलं नाही.

पुढे कित्येक महिने असंच चाललं. तो शाळांना जात होता, रुमाल सोडत होता, बांधत होता. एका रविवारी दुपारी त्याने चिमणीचा कोट खुंटीवरून काढला, बटण तुटलं होतं म्हणून बायकोला द्यायला. कोट झटकताना लायटर खाली पडला.

त्याने तो उचलला. बायको मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवले, पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“मला नाक आहे.”

“कधीपासून?”

“सहा-सात महिने होतील. केसांना येतो, कपड्यांना येतो, उशीला येतो. सगळ्या घराला येतो, तुम्हाला तेवढा येत नाही.” ती रडत नव्हती, थकलेली होती. “काय सांगणार होते तुम्हाला? दर आठवड्याला इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही गावाला शहाणं करायला निघता. मी दाराशी उभी राहून सांगू, की आधी आपल्या घरात बघा? मी ओरडले तिला. दोन दिवस उपाशी ठेवली. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच. चिमणी चिमणी करत वाढवलीत, आता बघा कशी धूर सोडते.”

एवढं बोलून तिने तोंडावर हात ठेवला. तो यंत्र खिशात टाकून बाहेर पडला.

चिमणी घरी नव्हती, आणि मुलं कुठे जमतात हे त्याला ठाऊक होतं. बंद पडलेल्या चित्रपटगृहामागे तिकिटाची जुनी खिडकी होती, तिथे उन्हातही सावली असायची. तो भिंतीच्या कडेने गेला. आधी त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

“मुलांनो. मी रोज दोन पाकिटं ओढायचो.”

खिडकीच्या कठड्यावर चिमणी उभी होती. गळ्याला फोन दाबलेला, मान किंचित तिरकी, उजव्या हाताची बोटं बोली पुकारल्यासारखी नाचत होती. आवाज तंतोतंत. खाली पाच-सहा मुलं-मुली पोट धरून हसत होती. ती थांबली, दोन बोटांत धरलेली सिगारेट ओढली, सावकाश धूर सोडला आणि म्हणाली, “आता रुमाल काढतो.”

तेव्हा एका मुलाची नजर त्याच्यावर गेली. त्याने घाईघाईने हातातली सिगारेट पाठीमागे लपवली. “नमस्कार, काका,” तो म्हणाला. बाकीचेही सरळ उभे राहिले, एकीने तर ओढणी सारखी केली. चिमणी कठड्यावरून उतरली. सिगारेट तिने लपवली नाही. खाली टाकली आणि चपलेने विझवली.

दोघं घराकडे चालायला लागली. दुकानं बंद होती, रस्त्यावर तुरळक माणसं. त्याने यंत्र लावलं.

“माझी नक्कल करतेस.”

“मी नाही केली तर ते करतात,” ती म्हणाली. “ते करतात तेव्हा मी मध्ये बसलेली असते. मी केली की निदान मी वर उभी असते.”

समोरून येणारी एक बाई त्याच्या आवाजाने वळून बघायला लागली. तो थांबला, ती पुढे जाईपर्यंत. हळू बोलायची सोयच नव्हती.

“आणि ओढायला कधी लागलीस?”

तिने पायाने एक खडा उडवला.

“सांग. मी मारणार नाही.”

“तुमच्या भाषणाच्या दिवशी,” ती म्हणाली. “सुटल्यावर सगळे तिथेच गेले होते. तुम्हाला वाटतं सगळे हसले म्हणून कोणी घाबरलं नाही. घाबरले होते, बाबा. सगळ्यांचे हात थरथरत होते. ते दिसू नये म्हणून एकाने पेटवली. मग दुसऱ्याने. ज्याने ओढली नाही तो भित्रा. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हटलं असतं तर मी ‘तीन वार’ची पोरगी. कायमची.”

“आणि तू घाबरली नाहीस?”

“आधी घाबरायचे. तुम्ही इस्पितळात होता तेव्हा. रोज वाटायचं, बाबा मरणार.” तिचा स्वर मऊ झाला. “मग तुम्ही घरी आलात. जेवता, झोपता, आईशी भांडता, शर्ट घालून भाषणाला जाता. रोज बघते मी. एवढं काही वाईट नाही दिसत.”

तो रस्त्यातच उभा राहिला. तिला सांगायचं होतं की रोज सकाळी भोकातली नळी धुताना काय बाहेर पडतं, की पावसात बाहेर पडायची त्याला भीती वाटते, की ऑपरेशनपासून त्याने तिच्या केसांचा वास घेतलेला नाही आणि आता कधीच घेणार नाही. पण असलं सगळं तर त्याने शाळाशाळांतून सांगितलं होतं. तिच्या शाळेत तर तिच्यासमोरच भोक उघडं करून दाखवलं होतं. त्यातला एकही शब्द नवा नव्हता. त्याने यंत्र गळ्यापासून काढलं.

“आता सोडते म्हणू का?” चिमणीने विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. त्याला बरं वाटणार असेल तर ती म्हणायला तयार होती. “म्हणते हवं तर. पण मला वाटत नाही सुटेल. तुम्हाला कुठे सुटली होती? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईला चोरून ओढायला खाली गेला होतात.”

हे तिला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

सोमवारी तो ताईंकडे गेला आणि आता भाषणं बंद, म्हणून सांगितलं. ताईंनी कारण विचारलं. त्याने सगळं सांगितलं. सरळ, सपाट, चढउतार नसलेलं. ऐकता ऐकता ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पण दादा, शंभरांतला एखादा तरी वाचत असेल ना?”

“एखादा दाखवा,” तो म्हणाला. “मी उद्यापासून पुन्हा येतो.”

ताईंनी कपाटाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, “असं दाखवता नाही येत, दादा.”

तो पुन्हा नुसता फाटकावर बसायला लागला. चिमणी दहावी पास झाली, कॉलेजात गेली. घरात तो विषय हळूहळू भांडणाचा राहिला नाही. एकदा बायकोने कंटाळून म्हटलं, “काय करायचं ते घरात कर, गल्लीत तमाशे नकोत.” पण घरात धूर झाला की त्याच्या भोकातून खोकल्याची उबळ येई, जीव कासावीस होई. म्हणून चिमणी गच्चीत जायची. जाताना काचेचं दार आठवणीने लावून घ्यायची, खालच्या फटीत पायपुसणं सरकवायची. ते ती कधी विसरली नाही.

“आज कॉलेजात भाषण होतं,” एकदा संध्याकाळी ती म्हणाली. “तुमच्या ताईच आल्या होत्या. एक गृहस्थ आणले होते, पाय कापलेले. चाकाच्या खुर्चीत.”

“कसे बोलले?” त्याने विचारलं.

“बरे बोलले. पण तुमच्याएवढे नाही.” तिने थोडा विचार केला. “त्यांना माणसं धरून ठेवता येत नाहीत.”

“मुलं हसली?”

“मागची हसली. पुढे एक मुलगी रडली.”

मग ती उठली, खिसा चाचपला आणि गच्चीत गेली. दार लागलं, पायपुसणं सरकलं. काचेपलीकडे ती कठड्याला टेकून पाठमोरी उभी होती, आणि खांद्यावरून धूर वर जात होता. बायको भांडी घासत होती. तो रुमालाची गाठ सैल करून खुर्चीत बसून राहिला, ती आत येईपर्यंत.

आत आल्यावर तिने साबणाने हात धुतले, चूळ भरली, आणि विचारलं, “बाबा, नळी बदललीत का आज?”

त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने कपाटातून नवी नळी आणि गरम पाण्याचं भांडं आणलं, दिव्याखाली स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. तिची बोटं सवयीने चालत होती. आता तिला ते भोक बघून काही वाटत नव्हतं.